राखेच्या तलावाजवळ शेत असेल तर मातीतले जड धातू असे तपासा

नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या पट्ट्यात औष्णिक वीज केंद्रांची कोळशाची राख पाण्यासोबत मोठ्या तलावात सोडतात. उन्हाळ्यात हा राखेचा तलाव सुकला आणि वारा सुटला की पालकाच्या पानावरून बोट फिरवून बघा. करडी, पिठासारखी मऊ राख बोटाला लागते. आपल्या देशी कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. कोळसा जळतो, पण त्यातलं आर्सेनिक, शिसं, कॅडमियम, क्रोमियम जळून नाहीसं होत नाही, ते बरंचसं राखेतच उरतं. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बंधारा फुटला, तेव्हा हीच राख आसपासच्या शेतांत आणि नदीत शिरली.

जमीन आरोग्य पत्रिका हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तिच्यात सामू (पीएच), नत्र, स्फुरद, पालाश, जस्त असे १२ घटक असतात. आर्सेनिक, शिसं, कॅडमियम, पारा त्यात नाहीतच. ही तपासणी वेगळी मागावी लागते. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत आधी फोन करून हे धातू मातीत मोजता का, ते विचारा.

नमुना एक नको, दोन घ्या. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. बेसॉल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच जास्त असतं. नुसत्या आपल्या शेताचा आकडा बघून राखेचा दोष किती आणि जमिनीचा मूळ गुण किती, हे कळणारच नाही. म्हणून दुसरा नमुना राख पोचत नाही अशा, पण त्याच जातीच्या जमिनीतून घ्या.

शेतात नागमोडी चालत १५-२० ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला करा. नांगरलेल्या रानात १५ सेंटिमीटर खोल, पडीक जमिनीत मात्र वरची ५ सेंटिमीटरच माती घ्या, कारण हवेतून आलेली राख तिथेच असते. बांध, रस्त्याची कड, शेणखताचा ढीग टाळा. खुरपं गंजलेलं किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं नको, घमेलंही प्लॅस्टिकचं घ्या. सगळी माती कालवून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. माती सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ पारा उडून जाऊ शकतो. खताच्या जुन्या पिशवीत कधीच भरू नका, स्फुरदयुक्त खतात कॅडमियम असू शकतं.

विहिरीचं पाणीही त्याच वेळी तपासा. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे.

आकडे खरंच जास्त आले तर त्या तुकड्यात पालक-मेथी लावू नका, पालेभाज्या कॅडमियम पटकन ओढतात. तिथे कपाशी घ्या. चुना टाकला की झालं, असं कुणी सांगेल. चुन्याने शिसं, कॅडमियम जखडलं जातं, आर्सेनिक मात्र उलट मोकळं होऊ शकतं. दोन्ही अहवाल आणि जागांचे फोटो जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.