कुऱ्हाडीचा मोडका दांडा काढताय? या चुका टाळा

दांडा नेढ्यापाशीच, म्हणजे तो ज्या भोकात बसतो तिथेच, मोडला की कुऱ्हाड चुलीत टाकायची, ही सगळ्यात महाग पडणारी चूक. लाकूड जळून जातं खरं, पण पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणाही उतरतो. पातं निळं पडलं तर समजा, ताप तीनशे अंशांच्या आसपास गेला होता. मग बाभळीच्या गाठीवर धार मुडपते आणि लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन आणावं लागतं.

दुसरी चूक म्हणजे रात्रभर पाण्यात भिजत ठेवणं. लाकूड फुगतं आणि नेढ्यात आणखी आवळतं. त्यापेक्षा कुऱ्हाड दोन-तीन दिवस उन्हात टाका. जळगाव-भुसावळकडचं मे महिन्याचं ऊन एरवी जीव काढतं, इथे मात्र फुकटात लाकूड आकसवतं.

मग बाहेर आलेला तुकडा करवतीने नेढ्याला लागून कापा. नेढ्याच्या वरच्या तोंडाला, म्हणजे दांड्याच्या विरुद्ध बाजूला, लाकूड घट्ट बसवायला ठोकलेली पाचर कशाची आहे ते पाहा. लोखंडी असेल तर ड्रिल तिच्यापासून लांब चालवा, नाहीतर बिट गेलंच. लाकडात ८ मिमीची चार-पाच भोकं शेजारी-शेजारी पाडली की पकड सुटते.

आता ठोकायची दिशा. इथेच बहुतेकांचं चुकतं. नेढ्याचं वरचं तोंड खाली, म्हणजे दांड्याची बाजू वर, करून कुऱ्हाड दोन ओंडक्यांवर टेकवा. नेढ्याखाली मोकळी जागा हवी. नेढ्यापेक्षा बारीक सळई लाकडावर धरून हातोडी मारा. पाचरीने लाकूड वरच्या तोंडाशी फुगवलेलं असतं, म्हणून ते त्याच बाजूने बाहेर पडतं. उलट ठोकलंत तर फुगलेला भाग नेढ्यात जास्तच रुतेल. हातोडी थेट कुऱ्हाडीवर मारू नका, पोलादाची कपची उडते. डोळ्यांना चष्मा हवाच.

टिकावाला पाचर नसते. दांडा वरून घातलेला असतो, त्यामुळे तुकडा वरच्याच तोंडाने निघतो. फावड्याला खिळा मारलेला असेल तर आधी तो काढा.

नवा दांडा बाभळीचा किंवा सातपुड्यातल्या धावड्याचा चांगला, पण पूर्ण वाळलेला. ओला बसवला तर उन्हाळ्यात ढिला होतो. मग लोक कुऱ्हाड बादलीत बुडवतात. फुगलेले तंतू लोखंडाला चेपले जातात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा जास्त हलतो. तसा हलू लागला तर कुऱ्हाड चालवू नका, पाचर काढून जाड पाचर ठोका.