सकाळचं भाषण आणि स्लॅबचा दिवस

डिप्लोमा किंवा बीई करून लातूर, नांदेड, परभणीकडच्या एखाद्या साइटवर नुकतेच लागला असाल, तर हेल्मेट, पट्टा, जाळी तुम्हाला माहीतच आहे. कॉलेजात कुणी सांगत नाही ते असं: घाईच्या दिवशी तुम्ही काय चालवून घेता, ते बघून माणसं पट्टा अडकवायचा की नाही ते ठरवतात.

पुस्तकात नेतृत्वाचे प्रकार असतात. माणसांना सोबत घेणारा, बक्षीस-दंडावर चालवणारा, आणि काहीच न करणारा. परीक्षेपुरते पाठ करा. त्यातलं कामाचं एवढंच: कामाच्या जागी नेतृत्व कसं चालतं ते अभ्यासणारे केलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली दाखवलं की काहीच न करणारा साहेब निरुपद्रवी नसतो, त्याच्यामुळं सुरक्षितता आणखी ढासळते. पुढं 2011 च्या अभ्यासात असंही दिसलं की एकच साहेब कधी जीव तोडून सांगतो आणि कधी कानाडोळा करतो, तेव्हा त्याच्या सांगण्याचा असर ओसरतो.

मी सापडलो तो याच सापळ्यात, म्हणून इथं जरा लांबण लावतो. सेंट्रिंग, म्हणजे ओला स्लॅब तोलून धरणारा साचा आणि टेकू, गुत्त्यावर असतं. प्लेटा आणि जॅक गुत्तेदाराचे, आणि त्याला ते दुसऱ्या साइटवर कालच हवे असतात. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं साध्या सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू 4.5 मीटर गाळ्यापर्यंत किमान 7 दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्याला 14; बीमखाली 6 मीटरपर्यंत 14, पुढं 21. गुत्तेदाराचा फोन पाचव्या दिवशीच येतो. मालकही त्याचीच री ओढतो. तुम्ही हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. "बघा तुमच्या हिशोबानं" म्हणता आणि गाडीला किक मारता. तुम्हाला वाटतं, आपण कुठं परवानगी दिली? खाली घमेलं घेऊन उभ्या बिगाऱ्याला मात्र कळलेलं असतं की साहेबाला चालतं.

हे टेकूपाशी थांबलं असतं तरी परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पट्ट्यावर बोलता, सगळे मान डोलावतात, आणि दुपारी पट्टा खुंटीला. पहाडाची, म्हणजे उंचावर उभं राहायच्या परांचीची, फळी हलतेय हे सांगायला कुणी येत नाही. सांगून काय होणार? मग तुमचा आवाज चढतो, हजेरी कापायची भाषा सुरू होते. त्यानं पट्टा फक्त तुमच्यासमोर दिसायला लागतो, आणि लागलेलं खुपलेलं लपवलं जातं. पायात खिळा घुसला तरी माणूस फडकं बांधून स्लॅबवर उभा राहतो, कारण मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हजेरी बुडली की ती फिटत नाही. महिनाभर एकही तक्रार आली नाही म्हणून खूश होऊ नका. मी झालो होतो.

घाबरून मात्र जाऊ नका. काही ठिकाणी अनुभव लागत नाही, टेप लागतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाण्यानं फुगते. 1.5 मीटर किंवा जास्त खोल खंदकाच्या कडा उभ्या सोडायच्या नाहीत. उतार द्या नाहीतर आधार लावा. निघालेली माती कडेपासून 1.5 मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त तेवढी लांब. जेसीबीवाला काठावरच ढीग घालणार, त्याचा डिझेलचा हिशोब असतो. टेप लावा, काम थांबवा. नवखा पोरगाही हे करू शकतो.

"साइटवर आवाज पाहिजे" म्हणणाऱ्या सिनिअरांपासून चार हात लांब राहा, हे माझं मत. टूलबॉक्स टॉकचा, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या सेफ्टीच्या बोलण्याचा, फोटो ग्रुपवर टाकून सेफ्टी उरकणाऱ्यांपासून तर आठ हात. पंधरा दिवसांच्या सेफ्टी सर्टिफिकेटवर पैसे घालू नका. त्याच वाटेनं जायचं असेल तर एमएसबीटीईचा, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा, वर्षाचा एडीआयएस हा औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा करा. मला शिकवलं ते एका मिस्त्रीमामांनी, 1993 च्या भूकंपानंतरच्या घरांवर ज्यांचा हात तयार झाला. ते चढण्याआधी पहाड हातानं हलवून बघत, आणि सैल गाठ ज्यानं दाखवली त्याचं नाव सगळ्यांसमोर घेत. ओरडताना मी त्यांना पाहिलं नाही.

आणखी एक: मुकादमाला त्याच्या माणसांसमोर झापू नका. बाजूला चहाला न्या, तिथं स्पष्ट बोला. मजूर शेवटी त्याचंच ऐकतात. स्लॅबच्या आदल्या दिवशी टेकू कधी निघणार ती तारीख मुकादम, गुत्तेदार आणि मालक तिघांसमोर बोला, भिंतीवर खडूनं लिहा, आणि त्या दिवसापर्यंत फोन आला तरी तीच सांगा. पहिल्या वेळी घसा कोरडा पडतो. अजूनही पडतो.

मजुरांच्या कागदांतही लक्ष घाला. 18 ते 60 वयाच्या कामगारानं गेल्या वर्षात 90 दिवस बांधकाम केलं असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद होते, पण गुत्तेदार त्या दिवसांच्या दाखल्यावर सही द्यायला टाळतो. ती सही तुम्ही मागे लागून मिळवून द्या. आमच्याकडं पहिल्या काही सह्या झाल्या आणि त्याच आठवड्यात एका बाईनं आपणहून येऊन सांगितलं की जिन्याच्या डकवरची, म्हणजे उघड्या पोकळीवरची, फळी कुणीतरी काढून नेलीय.