नवा मका, एन्झाइम आणि ब्रॉयलर खाद्यातील ऊर्जेचा हिशेब

ऑक्टोबरपासून खरिपाचा मका बाजारात उतरतो, भाव नरमतात आणि घरी मॅश (भरडलेले, पेलेट न केलेले) खाद्य बनवणारे ब्रॉयलर उत्पादक पोत्यांची थप्पी लावतात. ‘एन्झाइम (खाद्य पचवायला मदत करणारे द्रव्य) टाका, तेल कमी करा’ हा सल्लाही याच सुमारास मिळतो. ओला नवा मका भरणे आणि तेल कमी करणे एकदम केले तर खाद्यातली ऊर्जा दोन्हीकडून घटते आणि फॉर्म्युल्याच्या कागदावर त्याचा पत्ताही लागत नाही.

11 टक्के ओलाव्याच्या चांगल्या मक्यात किलोमागे साधारण 3,350 किलोकॅलरी चयापचयी ऊर्जा (पक्ष्याला प्रत्यक्ष वापरता येणारी) धरतात. तोच मका 14 टक्के ओला असेल तर 3,237 उरतात, बाकीचे पाणी. फिनिशरमध्ये (शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात) 60 टक्के मका असेल तर खाद्याच्या दर किलोमागे 68 किलोकॅलरी गेल्या. 16 टक्के ओलाव्याला तोटा 113 होतो. एन्झाइमच्या पाकिटावर बहुधा 50 ते 100 किलोकॅलरींचा फायदा लिहिलेला असतो. म्हणजे ओला मका भरला तर तो फायदा पाण्यातच गेला. त्यात वर तेलही कमी केले तर पक्षी उपाशी!

म्हणून आधी मका तपासा. तव्यावर भाजून गार केलेले दोन-तीन चमचे मीठ कोरड्या काचेच्या बरणीत घ्या, एक तृतीयांश बरणी भरेल इतका मका टाका, झाकण घट्ट लावून मिनिटभर हलवा आणि दहा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटले म्हणून मका वाळला असे समजू नका. मॉइश्चर मीटरवर 12 टक्के किंवा कमी दिसेपर्यंत ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचा थर देऊन वाळवा, मधूनमधून उलथत राहा. ओल्या मक्याला बुरशी लागली तर तिचे विष एन्झाइमने उतरत नाही.

आता एन्झाइमकडे. मका-सोयापेंडीच्या खाद्यात सर्वांत भरवशाचे फायटेज; ते फायटिक आम्लात अडकलेला फॉस्फरस सोडवते. त्याचा डोस ग्रॅमवर नाही, युनिटवर ठरतो. किलो खाद्याला 500 युनिट हवे असतील तर ग्रॅमला 5,000 युनिटचे पावडर टनाला 100 ग्रॅम लागते, 2,500 युनिटचे असेल तर 200 ग्रॅम. या डोसला 0.12 टक्के उपलब्ध फॉस्फरस सुटतो असे धरले, तर 18 टक्के फॉस्फरसच्या डीसीपीत (डायकॅल्शियम फॉस्फेट) टनामागे साडेसहा किलोच्या आसपास बचत होते. इथे एक चूक हमखास होते: डीसीपी काढले, कॅल्शियम गेले, म्हणून कॅल्शियमसाठी मार्बल पावडर सढळ हाताने टाकली जाते. जादा कॅल्शियम फायटिक आम्लाला बांधून ठेवते आणि फायटेज निकामी होते. फायटेज थोडे कॅल्शियमही सोडते, तेवढी सूट धरूनच पावडर मोजा.

झायलनेजसारखी तंतू फोडणारी एन्झाइम्स तंतू असेल तिथेच काम करतात. राईस पॉलिश, डीओआरबी (तेल काढलेला भाताचा कोंडा), डीडीजीएस (मद्यार्क काढून उरलेला धान्याचा सुका चोथा) किंवा गहू वापरत असाल तर त्यांचा उपयोग दिसतो. साध्या मका-सोयात कमी. दोन-तीन एन्झाइम्सचे फायदे एकमेकांत मिळवून तेल काढू नका, ते बरेचसे एकाच ऊर्जेवर हक्क सांगतात. पहिल्या लॉटला पाकिटावरच्या ऊर्जेच्या निम्मीच धरावी. मक्याच्या जागी एक किलो तेल टाकले की टनात किलोमागे सुमारे साडेपाच किलोकॅलरी वाढतात, त्यामुळे 25 किलोकॅलरींसाठी टनाला साडेचार किलो तेल कमी करता येईल. प्री-स्टार्टरमध्ये (पिल्लांच्या पहिल्या दिवसांच्या खाद्यात) मात्र ऊर्जेची काटछाट नकोच.

मिसळताना 100 ग्रॅम पावडर आधी दोन किलो मका भरड्यात, मग ते दहा किलोंत, मग मिक्सरमध्ये. कोलीन क्लोराइड या पोषक पूरकाबरोबर एकत्र करून आठवडे ठेवू नका; ते ओलावा ओढते आणि एन्झाइमचा जोर जातो. पेलेट करून घेत असाल तर 80-85 अंशांची वाफ सोसणारे, लेप दिलेले एन्झाइम विचारून घ्या.

चुकले ते कसे ओळखावे? फॉस्फरस कमी पडला तर दुसऱ्या आठवड्यापासून पक्षी बसून राहतात, चोच रबरासारखी वाकते. ऊर्जा कमी पडली तर लक्षण फसवे असते: पक्षी जास्त खाऊन वजन बऱ्यापैकी गाठतात, फक्त पोती जास्त लागतात. डिसेंबरात हा दोष थंडीच्या माथी मारला जातो. म्हणून एकाच शेडमध्ये दोन कप्पे करा, प्रत्येकी 150 पक्षी, एकाला जुने खाद्य, दुसऱ्याला एन्झाइमचे. 21 आणि 35 व्या दिवशी वजन आणि खाल्लेले खाद्य मोजून एफसीआर (किलोभर वजनवाढीला लागलेले खाद्य) काढा. थंडी दोन्ही कप्प्यांना सारखीच लागते. दोन लॉटमध्ये तोच फरक दिसला तर उरलेले तेल कमी करायचे की नाही ते ठरवा.