टायर बदलायची वेळ ओळखताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडीशेजारी उभं राहून "नक्षी दिसतेय की अजून, चालेल वर्षभर" असं ठरवून मोकळं होणं. मी पण हेच करायचो. माझे पुढचे टायर बाहेरून एकदम ठणठणीत दिसायचे, मग एकदा पंक्चरसाठी चाक खोललं तर आतली कड पार गोटा झालेली, एका जागी तर रबरातून तारा बाहेर आलेल्या आणि त्यातली एक बोटात घुसली. आदल्याच दिवशी त्याच टायरवर घरच्यांना घेऊन हायवेने आलो होतो, ते आठवून अंगावर काटा आला.

तेव्हापासून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून बघतो, म्हणजे चाक तिरकं होतं आणि आतली कड बघता येते. मागच्या चाकांसाठी खाली वाकून मोबाईलचा टॉर्च मारायचा. नुसता हात फिरवू नका, तार लागते.

दुसरं, घासलाय किती हे अंदाजाने ठरवू नका. नक्षीच्या खोबणीत थोड्या थोड्या अंतरावर रबराचे आडवे उंचवटे असतात, ते सापडत नसतील तर टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय (TWI) ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा आणि त्याच्या सरळ रेषेत आत बघा. कारच्या टायरमध्ये हे उंचवटे १.६ मिलिमीटरचे असतात, नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण खरं सांगू का, तिथपर्यंत थांबूच नका. नवीन टायरची खोबण साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि टायरखालचं पाणी बाहेर काढायचं काम तीच करते, ती उथळ झाली की ओल्या रस्त्यावर टायर पाण्यावर तरंगायला लागतो आणि मग ब्रेक काय आणि स्टिअरिंग काय, काहीच ऐकत नाही. त्यामुळे पावसात गाडी चालवणार असाल तर ३ मिलिमीटरलाच बदललेला बरा.

आता "गाडी फिरलीच नाही, टायर नवाच आहे" वाल्यांसाठी. रबर उभ्या गाडीवरही कडक होतं, बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) लिहिलेल्या ओळीचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ असेल तर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. (हे चार आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, बाहेर दिसले नाहीत तर आतून बघा.) पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षं झालेला टायर कितीही छान दिसला तरी काढून टाका. स्टेपनीचं वयही असंच बघा, ती तर आपण विसरूनच जातो.

साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, फुगा आला असेल तर मात्र विचार करत बसू नका, खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेले असतात, त्याला पॅच चालत नाही, तो टायर कधीही फुटू शकतो. साइडवॉलच्या पंक्चरचंही तसंच.

अजून एक चूक, टायर बदलला पण तो तसा का घासला हे बघितलंच नाही. मधोमध घासला असेल तर हवा जास्त होती, दोन्ही कडा घासल्या तर कमी, एकच कड घासली तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) गेलेली, आणि जागोजागी खळगे पडले असतील तर बॅलन्सिंग आणि शॉकअप तपासा. माझ्या केसमध्ये अलाइनमेंटच होती. ती न करता नवीन टायर टाकला असता तर त्याचीही आतली कड तशीच गेली असती.

आणि दोनच नवीन घेणार असाल तर ते मागे टाका, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिन पुढची चाकं फिरवतं ती) असली तरी. पुढची चाकं घसरली तर ॲक्सिलरेटर सोडून गाडी बरीचशी सावरता येते, मागची घसरली की गाडी गोल फिरते.