म्हातारीला घाट चढवायचा असेल तर

आमच्या गाडीचा किलोमीटरचा आकडा २,०८,००० च्या पुढे गेलाय. २००९ सालची, पेट्रोलवरची हॅचबॅक. घरात सगळे तिला म्हातारी म्हणतात. सकाळी उठताना कुरकुरते, पावसाळ्यात तिचे सांधे वाजतात, पण एकदा रस्त्याला लागली की थांबायचं नाव घेत नाही. माझं माहेर गुहागरकडचं आणि सासर कराडचं, त्यामुळे तिचं निम्मं आयुष्य कुंभार्ली घाटात गेलंय. मी शाळेत भूगोल शिकवते. पाना हातात धरायला चाळिशीत शिकले, तेही नाइलाजाने.

नाइलाज असा झाला. मे महिना. चिपळूणहून परत येत होतो. पोफळी मागे पडली, घाट सुरू झाला. मागे सासूबाई आणि दोन्ही मुलं, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या, एसी चालू. तिसऱ्या-चौथ्या वळणावर टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला आणि बघता बघता लाल रेघेला टेकला. मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं तर नुसती वाफ. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाणी ओत की." मी बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात वरून येणाऱ्या ट्रकमधून एकजण जिवाच्या आकांताने ओरडला, "ओ ताई, हात काढा!" त्याचं नाव-गाव मला माहीत नाही, पण माझा चेहरा आज जागेवर आहे तो त्याच्यामुळे.

म्हणून सुरुवात इथूनच करते. काटा चढताना दिसला की आधी एसी बंद करा. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि पंखा फुल करा. मे महिन्यात घरचे शिव्या देतील, देऊ द्या. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची थोडी उष्णता तो ओढून घेतो. तरी काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली तर रुंद जागा बघून थांबा आणि इंजिन बंद करा. निदान पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. झाकण गार झाल्यावरसुद्धा जाड फडकं ठेवून आधी थोडंसंच फिरवायचं, आतला दाब जाऊ द्यायचा आणि मगच काढायचं.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या मिस्त्रीमामांकडे नेली. त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं, उलटं करून माझ्यासमोर धरलं आणि आतल्या रबरावर नख फिरवलं. रबर पापडासारखं कडक झालेलं, कडेला चिरा. मामा म्हणाले, "बाई, झाकण न्हवं ह्ये, वॉल हाय वॉल." वॉल म्हणजे व्हॉल्व्ह. मग समजावून सांगितलं. साधं पाणी १०० अंशाला उकळतं. झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, त्यामुळे आतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, त्याच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही. रबर गेलं की दाब गेला, आणि घाटात एसी लावून चढणाऱ्या गाडीला तेवढंच निमित्त पुरतं. नवं झाकण २२० रुपयांचं. माझ्या वहीत तो आकडा दोनदा अधोरेखित केलेला आहे.

पण गोष्ट झाकणावर संपली नाही. आधीच्या एका गॅरेजने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढूनच टाकला होता आणि आत बोअरचं पाणी भरलं होतं. हे आपल्याकडे सर्रास चालतं. "गाडी गरम होते? काढा थर्मोस्टॅट!" थर्मोस्टॅट काढला की इंजिन लवकर तापत नाही, गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं ती अजून गारच आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. आमचं ॲव्हरेज पंधरावरून तेरावर का आलं होतं, ते मला तेव्हा कळलं. आणि बोअरच्या पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार आणि गंज बसला. रेडिएटर खोलला तेव्हा आतून चहासारखं पाणी निघालं. थर्मोस्टॅट परत बसवला, रेडिएटर साफ केला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. त्यानंतर दर दोन वर्षांनी ते बदलतेच, गाडी कमी फिरली असली तरी.

घरी काय बघायचं? रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, झाकण उघडा. कूलंट गळ्यापर्यंत हवं आणि त्याचा रंग स्वच्छ हवा. वर तेलाचा तवंग दिसला तर गाडी बाहेर काढू नका. झाकणाच्या रबरावर नख फिरवून बघा. वरचा जाड होस पाइप चिमटीत दाबा. तो रबरासारखा दबला पाहिजे. दगडासारखा लागला किंवा आतून कुरकुरला तर बदला, आणि वरचा बदलताना खालचाही बदला, दोघांचं वय एकच असतं. मग गाडी चालू करून जागेवरच ठेवा आणि समोरचा रेडिएटरचा पंखा लागतो का ते ऐका. पंखा न लागता काटा नेहमीच्या जागेच्या वर गेला तर आधी फ्यूज आणि रिले बघायला सांगा. आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी हिरवा किंवा गुलाबी डाग म्हणजे कूलंट, काळा-तपकिरी म्हणजे ऑइल. एसी लावून आल्यावर गाडीखाली पुढच्या बाजूला पडणारं स्वच्छ पाणी मात्र एसीचं, त्याची काळजी नको. पुठ्ठ्याला पैसे लागत नाहीत आणि तो खोटं बोलत नाही.

ऑइलचं थोडक्यात सांगते. जुनं इंजिन थोडं ऑइल पितंच, आमची हजार किलोमीटरला साधारण दोनशे मिली पिते. त्याने काही बिघडत नाही, पण आपल्याला ते माहीत हवं. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, मग वाचा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी, वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. "जाड ऑइल घाला, पिणं थांबेल" असं कुणी सांगितलं तर हो म्हणा आणि पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच घाला. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या पातळ पट्टीचा, संशय घ्या.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा, हा असा भाग आहे की तो जाताना आवाज करत नाही. तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन ते पुस्तिकेत बघा. बेल्ट असेल आणि कधी बदलला त्याची नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरून चाला. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत लाख किलोमीटरच्या आसपास त्याची मुदत संपते. तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला आपटतो आणि खर्च कितीतरी पट होतो. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही तेव्हाच बदलून घ्या, कारण मजुरी एकदाच पडते.

ब्रेकच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ओलं झालेलं ब्रेक ऑइल लांबलचक उतारावर तापून उकळतं आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. कुंभार्ली उतरताना हा अनुभव कुणाला नको. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला, नुसतं वरून भरून भागत नाही. मागच्या चाकांच्या सिलिंडरचं रबर किटही तेव्हाच बघून घ्या, तिथून गळती लागते आणि ती ड्रमच्या आत असल्यामुळे पुठ्ठ्यावरही लवकर दिसत नाही. टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आमची स्टेपनी गाडीसोबत आलेली, म्हणजे २००९ ची होती! एकदाही जमिनीला न लागलेली, काळीभोर आणि चिरा पडलेली. सहा वर्षांच्या पुढे मी टायरवर विश्वास ठेवत नाही.

आवाज ओळखायला शिकलात तर निम्मे पैसे वाचतात. मुलांना मागे गप्प बसवा, रेडिओ बंद करा, काचा खाली घ्या आणि भिंतीच्या कडेने हळू चालवा, आवाज भिंतीवरून परत येतो. पूर्ण वळण घेताना कट-कट-कट आलं तर एक्सलचा जॉइंट. त्यावरचं रबरी बूट फाटलेलं असतं, ग्रीस बाहेर आणि माती आत गेलेली असते. बूट फाटल्या-फाटल्या दिसलं तर काम काही शेकड्यांत होतं, आवाज सुरू झाल्यावर हजारांत. छोट्या खड्ड्यांवर डगडग वाजलं तर सस्पेन्शनचे लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश (आतली रबरं). वेगाबरोबर वाढत जाणारा घूंsss आवाज, जो गाडी एका बाजूला झुकली की बदलतो, तो चाकाच्या बेअरिंगचा. मिस्त्रीला जाऊन "शॉकअप बदला" असं सांगू नका. "डावीकडून, खड्ड्यात, सावकाश असताना" असं सांगा. रोगाचं नाव त्याला ठेवू द्या.

कोकणात जाणाऱ्या गाडीला खरा शत्रू गंज. माहेरून आले की मी गाडीखाली साध्या पाण्याचा जोरदार पाइप मारते, चाकांच्या कमानीत आतून. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजतात आणि पाणी आतच साठून पत्रा आतून सडतो. उदबत्तीच्या काडीने ती मोकळी करा. काचेखालच्या जाळीत साठलेला पाला जूनच्या आधी काढा, नाहीतर पाणी आत येतं आणि महिनाभर कार्पेटला ओल्या गोणपाटासारखा वास येतो. उंदीर वायरी कुरतडतात त्यावर तंबाखू, डांबरगोळ्या, सगळं करून झालं. एकच उपाय लागू पडला, गाडी चार दिवसांच्या वर एका जागी उभी ठेवायची नाही.

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आमच्या गाडीच्या काळात तसा हिशेब नव्हता, म्हणून मी पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदलून घेतले. सकाळी बॉनेटजवळ पेट्रोलचा वास आला तर तो दिवस घालवू नका.

पैसे मोजकेच असतात, म्हणून त्यांचा क्रम ठरवून ठेवलाय. गाडी थांबवणारं आधी, म्हणजे ब्रेक आणि टायर. मग वळवणारं. मग गार ठेवणारं. मग ऑइल आणि बेल्ट. एसी त्यानंतर. रंग, सीट कव्हर, टेप शेवटी. आमच्याकडे उजव्या दाराला पोचा आहे तो गेली सात वर्षं तसाच आहे, आणि नवऱ्याला तो दर दिवाळीला नव्याने दिसतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार भाग एकदम बदलले आणि आवाज गेला, तर नेमकं काय गेलं होतं ते कधीच कळत नाही. काढलेला जुना भाग मागून घ्या. मामा आता न मागता पुड्यात बांधून देतात आणि वर म्हणतात, "घ्या बाई, शाळंत दाखवाय."

हे सगळं लक्षात राहत नाही म्हणून ग्लव्ह बॉक्समध्ये शंभर पानी वही. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती लागले, एवढे चारच रकाने. पेट्रोल प्रत्येक वेळी टाकी फुल करूनच लिहायचं, तरच ॲव्हरेजचा आकडा खरा येतो. तो आकडा महिन्याभरात एक-दीडने उतरला की कुठेतरी काहीतरी बिनसलेलं असतं, मग ते टायरमधली हवा असो नाहीतर चिकटलेला ब्रेक.

शेवटी कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढच्या पाच वर्षांसाठी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करावं लागतं, आणि तो अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत करता येतो. आम्ही केलं तेव्हा पाच हजार रुपये फी होती, पर्यावरण कर वेगळा. बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या निकषांतल्या, गाडीची पीयूसी दर सहा महिन्यांनी. नूतनीकरणासाठी आरटीओच्या तपासणीला जाताना इंजिन, ब्रेक सगळं ठणठणीत होतं, आणि आमची म्हातारी अडली कशावर, तर नंबर प्लेटवरच्या दिव्यावर. तो मी पंधरा वर्षांत एकदाही बघितला नव्हता. समोरच्या दुकानात वीस रुपयांना बल्ब मिळाला, साहेबांच्या देखत मीच बसवला.