बोट वर ओढली की त्याच दिवशी पंख्याला हात घाला

मे महिना संपत आला की हर्णैच्या बऱ्याच बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला येतात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. या दोन महिन्यांत जाळी शिवून होतात, बोटीला रंग लागतो, इंजिन खोललं जातं. पंख्याची, म्हणजे बोटीला ढकलणाऱ्या प्रोपेलरची, आठवण मात्र जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येते. मी शाफ्टची (पंखा फिरवणाऱ्या दांड्याची) आणि पंख्याची कामं करतो, म्हणून सगळ्या मालकांना आणि बोट चालवणाऱ्या तांडेलांना कळकळीने सांगतो: बोट वर आली त्याच दिवशी, ओल आहे तोवर, पंखा साफ करा.

कारण साधं आहे. पंख्यावर बसलेलं बार्नॅकल (कठीण कवचाचा छोटा समुद्री जीव) ओलं असताना लाकडी पाचरीने बुडाशी तिरकं रेटलं तर टचकन सुटतं. उन्हात वाळलं की वरचं कवच तुटतं आणि खाली पांढरी गोल चकती धातूला चिकटून राहते. ही चकती ठेवून वर कितीही भारी लेप लावा, तो तिथूनच सुटणार. शिवाय बार्नॅकलची पिल्लं पाण्यात तरंगत जागा शोधत असतात आणि जिथे आधी त्यांच्या जातीचं कुणी बसलेलं असेल तिथेच बसणं त्यांना आवडतं. जुनी खूण राहिली म्हणजे नव्यांना आवतणच.

लोखंडी पटाशी वापरू नका. पात्यावर पडलेल्या प्रत्येक ओरखड्यात पुढचं शेवाळ आधी धरतं. लाकडी पाचर किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी घ्या. चकत्या उरल्या तर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या चिंध्या गुंडाळून ठेवा. त्यातला चुना फेस येऊन विरघळतो. घाई असेल तर पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड चालतं, पण ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, झिंक (पंखा सडू नये म्हणून शाफ्टला बांधलेला जस्ताचा तुकडा) आधी काढून ठेवा आणि काम झालं की गोड्या पाण्याने भरपूर धुवा. ॲसिड पात्यावर ठेवून जेवायला जाऊ नका.

आता पंखा नीट बघा. पितळी रंगाच्या धातूवर कुठे गुलाबी-तांबूस डाग दिसला तर नखाने नाही, कानसेच्या टोकाने खरवडून बघा. आतही गुलाबीच निघालं तर धातूतलं जस्त निघून गेलंय आणि तांब्याची पोकळ जाळी उरलीय. पंखा काढून दोरीला टांगा आणि लाकडी हातोडीने ठोका. चांगला पंखा घणघणतो, खराब झालेला बद्द वाजतो. असल्या पंख्यावर लेपाचा खर्च करू नका.

आता झिंकबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. ब्राँझच्या पंख्यातून समुद्राच्या पाण्यात तांबं अगदी थोडं थोडं सुटत असतं, आणि त्या तांब्यामुळेच जीव त्याच्यावर सहज बसत नाहीत. शाफ्टला झिंक लावलं की झिंक स्वतः झिजतं आणि पंख्याला वाचवतं. पण वाचलेला पंखा तांबं सोडायचं थांबवतो, मग त्याच्यावर वाढ होऊ लागते. म्हणून एकाच्या जागी तीन झिंक बांधणारे लोक बोट वर आली की पंख्यावर पांढरा चुन्यासारखा थर आणि बार्नॅकलची गर्दी बघून हैराण होतात. लाकडी बोटीत तर जास्त झिंकमुळे धातूच्या आजूबाजूचं लाकूडही मऊ पडतं. याचा अर्थ झिंक काढून टाका असा अजिबात नाही. झिंकशिवाय पंखा सडतो. बोटीच्या मापाचं झिंक घ्या, त्याच्या खालचा शाफ्ट चकाचक घासून त्यावर घट्ट आवळा, निम्मं झिजलं की बदला, आणि त्याच्यावर रंग कधीच मारू नका. रंगवलेलं झिंक म्हणजे नसलेलं झिंक.

म्हणजे झिंक असलेल्या पंख्याला अंगावर काहीतरी हवंच. बुडाला लावायचा तांब्याचा रंग उरला म्हणून तोच पंख्याला फासतात. तो पात्यांच्या कडांवरून लवकरच उडतो, कारण तिथे पाण्याचा वेग सगळ्यात जास्त असतो. आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाच्या) ॲल्युमिनियमच्या भागाला तर तो रंग लावूच नका, तांबं ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. पंख्यासाठी सिलिकॉनचा लेप येतो, प्रॉपस्पीडसारखा. त्यात विष नसतं. पृष्ठभागच इतका निसरडा असतो की जीव बसले तरी धरून राहत नाहीत आणि बोट चालली की धुऊन जातात. महाग आहे, म्हणून नीट लावा. पात्याला आरशासारखं पॉलिश करू नका, प्रायमरला पकड लागते. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळीकडे सारखा घासा. सॉल्व्हंटने पुसा, आणि पुसल्यावर उघडा हात लावू नका, बोटाचं तेलही लेप सोडवतं. लेपाचा वरचा थर प्रायमर पूर्ण सुकायच्या आत द्यायचा असतो, डब्यावरची वेळ पाळा. जूनच्या दमट हवेत धातूला घाम सुटतो, म्हणून हे काम पाऊस सुरू व्हायच्या आधी उरका, नाहीतर ताडपत्रीखाली कोरडी दुपार बघून करा.

लेपाला पैसे नसतील तर उलट करा: १२०, २४०, ४०० असं घासत जाऊन पंखा गुळगुळीत करा. वाढ होईल, पण सहज निघेल.

शाफ्टकडे तर कुणी बघतच नाही. स्टीलच्या शाफ्टवर बार्नॅकल बसलं की त्याच्या खालच्या जागेला हवा मिळत नाही, आणि स्टेनलेस स्टील नेमकं तिथेच टोचल्यासारखं खड्डे पडून सडतं. उघड्या भागाला पंख्यासारखाच लेप द्या. बेअरिंगमध्ये फिरणारा भाग मात्र कोरा ठेवा. बेअरिंगच्या रबराला पाणी जायला चर असतात, त्यातला चिखल आणि कवचं बांबूच्या काडीने काढा. चर तुंबले की पाणी पोचत नाही आणि रबर जळतं. बोट बरेच दिवस पडून असेल तर बेअरिंगच्या काठावरचं बार्नॅकल काढल्याशिवाय इंजिन चालू करू नका. तेच कवच फिरत रबर फाडतं.

हंगामात बोट धक्क्याला पडून राहणं सगळ्यात वाईट. दोन-तीन दिवसांआड दोऱ्या तपासून थोडा वेळ गिअर टाका. बसलेलं बार्नॅकल निघणार नाही, पण चिकट थर धुऊन जातो. तेवढ्याच थ्रॉटलला आरपीएम कमी आले, धूर काळा झाला, तर खलाशाला खाली पाठवा. त्याआधी इंजिन बंद, बॅटरी बंद, चावी तांडेलाच्या खिशात आणि बोटीवर एक माणूस हजर. सिलिकॉनचा लेप असेल तर खाली नेताना मऊ स्पंजच द्या, तारेचा ब्रश नाही.

खरवडताना खाली ताडपत्री पसरा. बुडाच्या रंगाच्या खपल्यांत तांबं असतं, आणि खाडीत त्याच चिखलात आपल्या बायका सुकतीला कालवं काढतात. फ्रान्समध्ये अर्काशोंच्या उपसागरात टीबीटी नावाचं विष घातलेल्या बोटीच्या रंगाने कालवांचा धंदाच बसवला होता, म्हणून १९८२ मध्ये तिथे छोट्या बोटींवर तो बंद झाला आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानेच त्याला बंदी आहे. कुणाकडे जुना डबा पडून असेल तर तो उघडू नका. खरवडलेला कचरा गोणीत भरा आणि पाण्यापासून लांब नेऊन ठेवा.