रॉक शोला निघताय? कानातले प्लग गेटबाहेरच घाला

रत्नागिरी-चिपळूणकडच्या कार्यक्रमांचा साउंड मी सांभाळतो. मुंबई-गोव्याला रॉक शो बघायला निघालेल्या पोरांना माझं एकच सांगणं असतं: इयरप्लग हवेतच. स्टेजसमोर आवाज सहज १०० डेसिबलवर जातो. अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने १०० डेसिबलला दिवसभरात १५ मिनिटंच सुरक्षित. आणखी ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. आतल्या कानातल्या केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी, मेल्या की परत येत नाहीत.

मेडिकलमधले फोमचे प्लग चालतात, पण घालायची रीत आहे. स्वच्छ, कोरड्या बोटांनी प्लग वळून वातीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. बाहेर लोंबणारा प्लग काही कामाचा नाही. कापूस तर नकोच, शिमग्याच्या ढोलापुढेही तो पुरत नाही.

फोमने झांजा दबतात, हे खरं. गाण्यावर जीव असेल तर फिल्टरवाले प्लग घ्या, ते सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात. आपल्या दमट हवेत घामाने भिजलेला फोम पुन्हा वापरू नका.

दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवाच.